एका फुटबॉल संघाचं बिऱ्हाड

फुटबॉलशी माझा संबंध कॉलेजात असताना पोलो ग्राउंडवर खेळलेल्या दोन सीझनपुरता. राइट बॅक होतो. बॉल दिसला की लांब मारायचा एवढंच काम, आणि तेही मला फारसं जमत नसे. त्यामुळे २०२५ च्या एप्रिलमध्ये एका व्यावसायिक फुटबॉल क्लबमधून फोन आला तेव्हा रॉंग नंबर असेल असंच वाटलं. पण पलीकडचा मुलगा माझ्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याचा निघाला. म्हणाला, "काका, तुम्ही चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलंत ना? आमची टीम बडोद्याला येतेय. खेळणारे आहेत, खेळवणारे आहेत, पण सामान मोजून घेणारा कोणी नाही."

घरी सांगितलं तर बायको हसली. "बडोद्यात फुटबॉल? बघणार कोण?" तिचं काही चुकलं नव्हतं. हे विजय हजाऱ्यांचं, पठाण बंधूंचं, पंड्यांचं गाव. पाच वेळा रणजी जिंकलेलं. आमच्या गल्लीतली पोरं प्लॅस्टिकच्या बॉलनेसुद्धा यॉर्कर टाकतात. तसं क्रिकेटचं बिऱ्हाडही नुकतंच हललं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये भारताच्या मुली वेस्ट इंडीजशी खेळल्या त्या कोटंबीच्या नव्या स्टेडियमवर, आणि दांडिया बाजारातली सगळी म्हातारी मंडळी "एवढ्या लांब कोण तडफडणार" म्हणत होती. गेली मात्र सगळी.

क्लबचं नाव मी लिहीत नाही. पुढे दोन-चार तक्रारी येणार आहेत आणि माणसं वाईट नाहीत. महाराष्ट्रातल्या एका शहरात हा संघ काही वर्षं खेळत होता. वरच्या लीगमधला नव्हे, खालच्या पातळीवरचा, पण पगारी खेळाडू असलेला, करारमदार असलेला. मालक बदलला, नव्या मालकाचा कारखाना बडोद्याजवळ. त्यातच जुन्या मैदानाच्या मालकाने करार वाढवून द्यायला नकार दिला. आपल्याकडे बहुतेक क्लबांना स्वतःचं मैदान नसतं. सरकारचं, विद्यापीठाचं नाहीतर एखाद्या कंपनीचं मैदान भाड्याने घ्यायचं आणि त्याला 'होम ग्राउंड' म्हणायचं. भाडेकरूच तो. घरमालकाने सांगितलं की गाशा गुंडाळायचा.

हे काम घेतल्याचं मी पुण्याच्या भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, म्हणजे तुम्ही त्यांचं सामान उचलायला चाललात?" तेव्हा मला आठवलं. हा एफसी पुणे सिटीचा भक्त. बालेवाडीला केशरी जर्सी घालून 'ऑरेंज आर्मी'त बसणारा. २०१९ मध्ये तो क्लब बंद पडला, आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) त्याची जागा हैदराबादने घेतली, काही खेळाडूही तिकडेच गेले. त्याच साली दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेले आणि ओडिशा एफसी झाले. पण कलिंग स्टेडियमचं काम चालू होतं, म्हणून ओडिशाने त्या मोसमातले पहिले 'होम' सामने कुठे खेळावेत? बालेवाडीला! भाच्याचा संघ गेलेला, त्याची खुर्ची तिथेच, आणि समोर दिल्लीहून निघालेला, ओडिशाचं नाव लावलेला संघ पुण्यात 'घरचा' सामना खेळतोय. तो एक सामना बघायला गेला होता म्हणे, आणि मध्यंतरालाच परतला. पुढे मार्च २०२२ मध्ये हैदराबाद आयएसएल जिंकलं त्या रात्री मी मुद्दाम फोन केला होता, की चला, तुमच्यातलेच काही आहेत. त्याने उचलला नाही. आणि २०२५ मध्ये ते हैदराबादही उठून दिल्लीला गेलं. चक्र पूर्ण झालं म्हणायचं, पण पुणं कुठे आलं त्यात?

असो. मे महिन्यात मी सामान मोजायला त्या शहरात गेलो.

जुनं मैदान गावाच्या कडेला होतं. एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला भिंत, भिंतीपलीकडे चिंचेची झाडं. स्टोअर म्हणजे पायऱ्यांखालची दोन दारांची खोली, आणि तिची किल्ली तात्यांकडे. तात्या तिथले ग्राउंड्समन. माझ्याच वयाचे. क्लब यायच्या आधीपासून त्या मैदानावर होते आणि क्लब गेल्यावरही राहणार होते. "या भाऊ, मोजा," म्हणाले, आणि उलटी घमेली टाकून तिच्यावर बसले.

मी रजिस्टर उघडलं. मॅचचे बॉल अठरा, सरावाचे त्रेचाळीस, त्यातले सहा फुगत नाहीत. बिब, म्हणजे सरावात जर्सीवर चढवायची बनियनं, चार रंगांत. कोन, शिडी, खांब, उचलून ठेवता येणारे छोटे गोल चार. बर्फात बसायचे निळे ड्रम दोन. जर्सीवर नंबर चिकटवायचं गरम प्रेस. कपडे धुण्याचं मोठं मशिन. मालिशचं टेबल, एक पाय हलणारा. कोपऱ्याचे झेंडे आठ, दीड मीटरच्या वर उंचीचे, टोक बोथट. नियमात तसंच लागतं. फिजिओच्या पेटीतली अर्धी औषधं मुदत संपलेली. तात्या मधूनमधून सांगत होते: हा बॉल अमुक मॅचचा, या जाळीला उंदराने खाल्लं होतं, मी शिवली. मी आपला आकडा लिहीत होतो.

त्यांना माझं मराठी गमतीचं वाटत होतं. मी "तो पंखा बंध करा" म्हणालो तर म्हणे, "बंध काय, बंद!" आम्हा बडोदेकरांच्या मराठीत गुजराती कधी शिरली ते आम्हालाही कळलं नाही. गायकवाडांच्या मागोमाग आमची घराणी देशावरून गेली, आणि अजूनही आम्ही लग्नाची स्थळं बघताना "देशावरचं आहे का" असं विचारतो. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुमची टीम तीनशे वर्षांपूर्वी शिफ्ट झाली. अजून अवे मॅच खेळताय?"

भानगड झाली ती लाइनीच्या गाडीपाशी. मैदानावर पांढऱ्या रेघा मारायची गाडी. रजिस्टरात नोंद स्पष्ट: 'लाइन मार्किंग मशिन, नग एक.' प्रत्यक्षात होती ती सायकलच्या दोन चाकांवर बसवलेली पत्र्याची टाकी, खाली तोटी, मागे वेळूची मूठ. तात्या उठले आणि गाडीसमोर उभे राहिले. "ही माझी. मी केलीय. चाकं माझ्या पोराच्या सायकलची."

मी रजिस्टर दाखवलं. ते म्हणाले, कोणा मॅनेजरने एकदा सामान लिहिताना ही पण लिहून टाकली. तेव्हा वाद कशाला, म्हणून आपण गप्प बसलो. मी म्हटलं, पावती? ते हसले. "पोराच्या सायकलची पावती ठेवायची असते होय?"

स्टोअरवाल्याचा धर्म साधा असतो. वहीत आहे ते असलं पाहिजे, आणि आहे ते वहीत असलं पाहिजे. चौतीस वर्षांत मी एक वॉशरसुद्धा मनाने लिहिला नाही. त्या दिवशी लिहिलं. 'लाइन मार्किंग मशिन, नग एक, गंजलेले, निरुपयोगी, मोडीत.' गाडी समोर तेल घातलेली, चकचकीत उभी होती. तात्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा सांगून आले.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "टॉसच्या आधी कॅप्टन माझ्याकडे यायचा. कुठली बाजू घ्यायची ते मी सांगायचो. वारा कधी फिरतो, सूर्य कुठे येतो." मी मान डोलावली. रजिस्टरात त्याला रकाना नव्हता, म्हणून लिहून घेतलं नाही.

सामान दोन आयशरमध्ये मावलं. माल पन्नास हजारांच्या वरचा, राज्याची हद्द ओलांडणार, म्हणजे ई-वे बिल, जीएसटीचं मालवाहतुकीचं कागदपत्र, आलं. विक्री नाही, नुसती जागा बदलतेय, म्हणून डिलिव्हरी चलन, त्यात प्रत्येक वस्तूची किंमत. फाटक्या बिबची किंमत काय लिहायची यावर क्लबच्या अकाउंटंटशी माझा तासभर फोन चालला. ड्रायव्हर कंटाळून म्हणाला, "अंकल, घरसामान लिहा ना. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही." खरंच लागत नाही. पण क्लब म्हणजे कंपनी, आणि कंपनीला घर नसतं. बिल काढलं.

त्या दिवशी पायऱ्यांवर वीस-पंचवीस मुलं बसली होती. मला वाटलं बघायला आलीत. ती क्लबच्या लहान वयोगटांच्या संघांतली होती. या मुलांचं काय, असं मी क्लबच्या मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, "त्यांना स्थानिक अकादमीत सोय करून देतोय." सोय म्हणजे एक पत्र दिलं. मोठे खेळाडू करारावर असतात. करार कंपनीशी असतो, शहराशी नाही, म्हणून कंपनी जाईल तिकडे ते जातात. तेरा वर्षांच्या पोराचा करार कोणाशी? त्याची शाळा तिथे, आईबाप तिथे. या एका बाबतीत मला क्लबचा राग आला आणि तो अजून आहे. उलट लीगमध्ये खेळायला क्लबला लागणाऱ्या लायसनच्या फाइलीत 'युवा संघ' हवेतच, म्हणून बडोद्यात आल्याबरोबर पहिलं काम काय केलं तर लहान मुलांच्या निवडचाचण्या! इकडच्या मुलांचा आनंद खोटा नव्हता, पण मला ती पायऱ्यांवरची पोरं दिसत राहिली.

फाइलीचं सांगायचं तर तिचे पाच कप्पे. खेळ, मैदान आणि सोयी, माणसं आणि कारभार, कायदा, पैसा. प्रत्येक कलमाला ए, बी किंवा सी. ए म्हणजे नसेल तर लायसन नाही. बी म्हणजे नसेल तर ताकीद नाहीतर दंड, पण लायसन मिळू शकतं. सी म्हणजे असेल तर उत्तम. आमच्या कारखान्यात आयएसओची तपासणी यायची तेव्हा अगदी हेच चालायचं, फक्त तिथे डोपिंग तपासणीची खोली लागत नसे. शिवाय इकडच्या संघटनेची संमती, तिकडच्या संघटनेचं ना हरकत, मैदानाचा करार, पोलीस बंदोबस्ताचा अर्ज, अॅम्ब्युलन्सचं पत्र. एका कचेरीत आमचा अर्ज अकरा दिवस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, कारण 'फुटबॉल संघाचे स्थलांतर' हा विषय कोणाच्या खात्यात येतो तेच ठरत नव्हतं. शेवटी 'किरकोळ' या सदरात मंजूर झाला.

खेळाडूंच्या राहण्याचा प्रश्न याहून अवघड निघाला. चोवीस मुलं. मणिपूर, मिझोराम, केरळ, बंगाल, थोडी महाराष्ट्रातली. मी आणि तो सहकाऱ्याचा मुलगा सोसायट्या पालथ्या घालत होतो. फ्लॅट आवडायचा, भाडं पटायचं, आणि मग तो प्रश्न यायचा: "नॉनव्हेज नथी ने?" तीन सोसायट्यांनी हातात आलेली किल्ली परत घेतली. एका ठिकाणी मी म्हटलं, खेळाडू आहेत, अंडी तरी लागतीलच. सेक्रेटरी म्हणाले, "अंडी पण नॉनव्हेज." वाद संपला.

अखेर आठ मुलांची सोय झाली ती आमच्याच भागातल्या एका काकूंच्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. काकू सीकेपी, यजमान जाऊन सात वर्षं झाली, मुलगा कॅनडात. मी चाचरत विचारलं, "काकू, मुलं मासे खातात..." त्या म्हणाल्या, "मग मी काय खाते?" काकूंनी भाडं सांगितलं त्यापेक्षा मी पाचशे जास्त लिहिले, क्लबचे पैसे, माझं काय जातंय. पहिल्या आठवड्यात मणिपूरच्या मुलांनी घरून आणलेली ङारी शिजवली. ही त्यांच्याकडची सुकवून आंबवलेली मासळी. वास तीन घरं पलीकडे. शेजारी तक्रार घेऊन काकूंच्या दारात. काकूंनी शांतपणे सांगितलं, "आमचं सुकट आहे." मग वर जाऊन त्या पोरांना बजावलं, की शिजवायचं तर खिडक्या लावून, आणि मला एक वाटी आणून द्यायची. बडोद्यात कुणाला काय मिळालं मला माहीत नाही, त्या आठ जणांना मात्र घर मिळालं.

आता मैदान. शहरातलं एक जुनं मैदान भाड्याने मिळालं होतं, कुठलं ते असू दे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली, रस्त्यांवर मगरी फिरल्या, त्या पुराचं पाणी इथेही साचलं होतं. एका बाजूला गाळाचा थर अजून होता. वर गवत, खाली चिकट माती. आणि मधोमध बावीस यार्डांची क्रिकेटची पट्टी, रूळ फिरवून फिरवून सिमेंटसारखी झालेली. बॉल बाकीकडे गवतात रुतायचा आणि मधल्या वर्तुळाजवळ आला की उसळी घेऊन डोक्यावरून जायचा.

पट्टी उकरायची ठरलं, आणि पहाटे तिथे क्रिकेट शिकवणारे सर माझ्यावर धावून आले. "वीस वर्षं इथे मुलं तयार करतोय. तुम्ही कोण?" मी काय सांगणार, मी स्टोअरकीपर. खरं तर ते बरोबर होते. एक संघ आपलं मैदान गमावून इथे आला आणि येताना दुसऱ्यांचं मैदान घेऊन बसला. दोन दिवस बोलणी झाली. सरांची नेट्स कुंपणालगत, नव्या मातीच्या पट्टीवर, खर्च क्लबचा. सर तेव्हापासून मला "फुटबॉलवाले काका" म्हणतात. त्यात प्रेम किती आणि टोमणा किती, सांगता येत नाही.

गाळ काढला, वाळू मिसळली, पट्टीच्या जागी गवताच्या मुळ्या लावल्या. पाऊस चांगला झाला म्हणून गवत धरलं. त्यात आमचं कर्तृत्व शून्य.

मग आखणी. लांबी १०५ मीटर, रुंदी ६८. लोकांना वाटतं फिता धरून चार बाजू मोजल्या की झालं. इथले माळीकाका मला म्हणाले, "शेठ, बाजू बरोबर आली तरी मैदान वाकडं असतं." आम्ही कर्ण मोजले. एक आला १२५ मीटर ४५ सेंटिमीटर, दुसरा १२४ मीटर ७४. म्हणजे बाजू चोख, पण मैदान समांतरभुज चौकोन! दोन्ही कर्ण साधारण १२५ मीटर १० सेंटिमीटर यायला हवेत. माळीकाकांनी दोरीला गाठी मारल्या. तीन, चार, पाच. कोपऱ्यावर खुंटी ठोकली, तीनची बाजू एका रेषेवर, चारची दुसरीवर, आणि पाचची दोरी ताणली की कोन काटकोन. शाळेत पायथागोरस मी पाठ करून पास झालो होतो. त्याला दोरीत बघितला तो साठी उलटल्यावर.

गोलचे खांब आतून आत ७.३२ मीटर, आडवी दांडी जमिनीपासून २.४४. विचित्र आकडे वाटतात, पण ते आठ यार्ड आणि आठ फूट. रेघा १२ सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. चुना वापरायचा नाही, अंगावर भाजतो, पाण्यातला रंग. रंगासाठी नवीन मशिन घ्यावं लागलं, कारण जुनं 'मोडीत' निघालेलं. कोटेशन आलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसलो.

तपासणीला माणसं आली आणि त्यांनी मैदानाकडे फारसं पाहिलंच नाही. पंचांच्या खोलीला आतून कडी नाही. पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये दोनच शॉवरना पाणी. वैद्यकीय खोलीचा दरवाजा स्ट्रेचर आत जाण्याइतका रुंद नाही. हे शेवटचं आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दरवाजा फोडून रुंद केला. दिव्यांचा उजेड यंत्राने मोजला, तो कमी भरला, म्हणून सामने दुपारी साडेतीनला. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या साडेतीनमुळे झाल्या.

पहिला घरचा सामना. सकाळपासून मी पायऱ्यांखाली जर्सींच्या घड्या मोजत होतो. जुन्या जर्सीवरचं बोधचिन्ह गरम प्रेसने उचकटून नवं लावलेलं होतं, पण कापडाचा रंग उडालेला आणि जुन्या चिन्हाखालचा तेवढा भाग गडद राहिलेला. नीट बघितलं तर नव्याच्या कडेने जुन्याची सावली दिसायची. नव्या जर्सी वेळेत आल्या नव्हत्या. का, ते विचारू नका.

प्रेक्षक मी मोजले. पोलीस आणि अॅम्ब्युलन्सवाले सोडून तीनशे सात. काकू आल्या होत्या, डबा घेऊन. क्रिकेटचे सर आले होते, हाताची घडी घालून. बाहेर सेव-उसळीच्या गाडीवर मात्र आतल्यापेक्षा जास्त गर्दी. लाउडस्पीकरवरचा मुलगा मिझो खेळाडूंची नावं अशी घेत होता की ती मुलं एकमेकांकडे बघून हसत होती.

आणि सामना सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी वरच्या पायरीवर अकरा जण येऊन बसले. जुन्या शहरातून रात्रभर रेल्वेने आलेले. जुन्या जर्सी, जुना ढोल. त्यांनी जुन्या नावाने आरोळी दिली. नवं नाव एकदाही नाही. मैदानावरचे खेळाडू क्षणभर थबकले. कोणाला हात करावा, न करावा, कळेना. गोलकीपरने मात्र दोन्ही हात वर करून टाळी वाजवली. नंतर ऐकलं की त्यावरून त्याला कोणीतरी बोललं.

टॉस आमच्या कॅप्टनने जिंकला. बाजू निवडली. अर्ध्या वेळेपर्यंत एक-शून्य आम्ही पुढे. मध्ये कूलिंग ब्रेक झाला, मुलांनी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतलं. दुसऱ्या अर्धात बाजू बदलल्या आणि मी बघतो तर आमचा गोलकीपर डोळ्यांवर हात धरून उभा. हे मैदान पूर्व-पश्चिम आखलेलं आहे. पाचच्या सुमाराला सूर्य थेट पश्चिमेच्या पायऱ्यांवरून समोर येतो. लांबून एक साधा उंच बॉल आला, त्याला दिसलाच नाही. एक-एक.

माळीकाका माझ्या शेजारी उभे होते. शांतपणे म्हणाले, "टॉसच्या वेळी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मला तात्यांची खोली आठवली. घमेली, चहा आणि मी न लिहिलेली ती ओळ. दोन आयशरमध्ये शिडी, खांब, प्रेस, ड्रम, हलणाऱ्या पायाचं टेबल, सगळं मोजून आणलं होतं मी. दुसऱ्या दिवशी कॅप्टनला घेऊन माळीकाकांकडे गेलो. आता प्रत्येक सामन्याआधी तो त्यांना विचारतो. गुजरातीत विचारतो, चुकीच्या. काका मोडक्या हिंदीत उत्तर देतात.

मोसम संपला. संघ मधल्या नंबरावर राहिला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटच्या सामन्याला मी मोजले ते सहाशे बारा.

मार्चमध्ये ऑडिटर आले. तरुण मुलगी, बारीक बघणारी, मला आवडली. एका ओळीवर तिचं पेन थांबलं. "काका, हे लाइन मार्किंग मशिन मोडीत काढलंय. ठीक आहे. पण मोडीत काढलं तर भंगाराचे पैसे कुठे जमा आहेत?"

चौतीस वर्षांत मला कोणी पकडलं नव्हतं. मी म्हटलं, "राहिलं असेल." ती म्हणाली, "मग पावती करा. भंगार कोणी घेतलं?"

मी खिशातून तीनशे रुपये काढले. पावती माझ्याच नावावर केली: 'जुने लाइन मार्किंग मशिन, भंगार, नग एक.' तिने शिक्का मारला आणि पुढच्या ओळीवर गेली.

संध्याकाळी तात्यांना फोन लावला. त्यांच्या मैदानावर शाळांच्या स्पर्धा चालू होत्या, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. त्यातली काही ती पायऱ्यांवरची असतील. मी सांगितलं, "तात्या, कागदोपत्री तुमची गाडी आता माझी झालीय. तीनशेला घेतली."

ते थोडा वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "डावं चाक कुरकुरतंय. तुमची आहे तर येऊन तेल घाला."